वहिनीचा गाण्याचा डबा

दादाचा फोन मला सहसा येत नाही. दिवेआगरच्या घरातून फोन करायचं काम वहिनीचं. दादा तिच्या मागे उभा राहून "गुडघा कसा आहे विचार", "कधी येतेय ते विचार" असं सांगत राहायचा, आणि वहिनीने "घ्या, तुम्हीच बोला" म्हणून फोन पुढे केला की तो वाडीत पळायचा. त्यामुळे त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पनवेलला माझ्या फोनवर दादाचं नाव उमटलं, तेव्हा उचलायच्या आधीच मला काय ते कळलं. "शैला, तुझी वहिनी गेली गं," दादा म्हणाला. जेवून आडवी झाली होती, चहाला हाक मारली तर उठलीच नाही. मग फोन ठेवायचा कसा हे न सुचून असेल कदाचित, पण तो म्हणाला, "तिचं यंत्र चालूच राहिलं होतं. बंद केलं मी."

आता हे यंत्र काय, ते सांगायला हवं. माझी सुमनवहिनी काही गाण्यातली नव्हे. आरतीतसुद्धा ती टाळ्यांवर भागवून न्यायची. मी शाळेत असताना ती आमच्या घरात आली, आणि तेव्हापासून मी तिला पाहिलं ते माणसांना जेवू घालताना. पुढे गावात पर्यटक यायला लागले तेव्हा दादाने वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, पण ते घर चाललं वहिनीच्या हातच्या सोलकढीवर आणि तळलेल्या सुरमईवर. स्वयंपाकघरात रेडिओ असे, पण तो फोडणीच्या मागे कुठेतरी गुणगुणत असायचा. ऐकायचा म्हणून तो कुणी ऐकला नाही.

तिचा मुलगा मिलिंद पुण्याला नोकरीला. त्याला गाणी ऐकायचं वेड. त्याने स्वतःसाठी मोठं यंत्र घेतलं आणि जुनं बाबांसाठी दिवेआगरला आणून ठेवलं. डबा आपल्या जेवणाच्या डब्याएवढा, काळा, लोखंडी. पुढे एक गोल बटण आणि हेडफोन लावायला दोन भोकं. पाहुण्यांची नोंदणी ज्या संगणकावर होते त्याला त्याने तो जोडला, भले थोरले हेडफोन लावले आणि दादाला खुर्चीत बसवलं. दादाने जेमतेम एक कडवं ऐकलं. "छान आहे. पण डोकं बांधल्यासारखं होतंय," म्हणाला आणि नारळ सोलायला गेला. मिलिंदचं तोंड उतरलं. त्याचं मन राखायला म्हणून वहिनी पदराला हात पुसत खुर्चीत बसली... आणि उठेना. मी तेव्हा तिथे राहायला आले होते; गॅसवर आमटी उतू गेली तेव्हा आतून ओरडले, तेही तिला ऐकू गेलं नाही. लहानपणापासून हजारदा कानावर पडलेलं एक गाणं होतं. ते संपल्यावर तिने हेडफोन काढले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "शैले, मुख्य बाईच्या मागे आणखी एक बाई गातेय. अगदी हळू. इतकी वर्षं ती गात होती आणि मी तिला ऐकलंच नव्हतं."

त्यानंतर वहिनीचा दिवसच बदलला. दुपारची भांडी झाली, दादा लवंडला की ती त्या खुर्चीत. मागे गाणारी माणसं, पेटीच्या भात्याचा श्वास, कुणा वादकाच्या खुर्चीची करकर, असलं काय काय ती शोधून काढायची आणि संध्याकाळी मला फोनवर सांगायची. मिलिंदला ती इतके प्रश्न विचारायची की तो म्हणायचा, "आत्या, आई मला आता झोपू देत नाही." पण तिला यंत्र कळलं होतं हे खरं. एकदा मी तिथे असताना भरडखोलहून मासळी घेऊन येणारी भारती पडवीत टेकली होती. टोपली उतरवून तिने विचारलं, "काकी, ह्यो डबा कसला हाय?"

वहिनी म्हणाली, "संगणकात गाणं आकडे करून ठेवलेलं असतं. हा डबा त्या आकड्यांचं परत गाणं करतो. तू सोडे वाळवतेस ना? पाण्यात घातले की कसे फुगून येतात, तसं."

"मंग चव येते का ताज्या कोलंबीची?"

"सोड्यांची चव येते," वहिनी हसून म्हणाली. "पण चांगल्या सोड्यांची."

मिलिंदला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की डॅक, म्हणजे हा डबा, काय करतो ते इतकं सोपं त्यालाही कधी सांगता आलं नव्हतं. भारतीने तेव्हा हेडफोन लावून एक कोळीगीत ऐकलं. ऐकताना तिने डोळे मिटले नाहीत, उलट मोठे केले, जणू समोर कुणी आलंय.

पाहुण्यांतली तरुण मंडळी येताना मोठाले स्पीकर घेऊन यायची. वाडीत धडधड सुरू झाली की शेजारचे कुंपणाशी येऊन उभे राहायचे आणि दादाला मध्यस्थी करताना घाम फुटायचा. एकदा ठाण्याहून आलेला एक गट तर ऐकेचना. "काका, आम्ही पैसे भरलेत," असं त्यांच्यातला एक जण दादाला म्हणाला. दादा लाल झाला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्या मुलाला म्हणाली, "तुझं हेच गाणं मला लावून दे बघू इकडे." त्याला वाटलं, काकूंना आवडलं. त्याने संगणकावर लावून दिलं. वहिनीने आधी स्वतः ऐकलं, मग हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले आणि बटण जरासं फिरवलं. तो आधी हसत होता. मग हसणं थांबलं. खाली बसला. मग त्याने बाकीच्यांना बोलावलं, आणि ती दांडगी पोरं पडवीत ओळीने आपली पाळी येण्याची वाट बघत बसली, केस कापायला बसावं तशी. स्पीकर दोन दिवस खोलीतच राहिला. जाताना तो मुलगा दादाच्या पाया पडला. वहिनी मागून म्हणाली, "अरे, गाणं वाईट नव्हतं हो तुझं. ढोल बरा होता."

मग टाळेबंदीच्या वर्षीचं चक्रीवादळ आलं. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी आमच्या वाडीपुरतं सांगते. आमच्या वडिलांनी आणि दादाने लावलेली पोफळ एका सकाळीत आडवी झाली. घरावरची कौलं उडाली, पाहुण्यांच्या खोल्यांवर माड पडले. वहिनीने यंत्र, हेडफोन आणि तो छोटा संगणक साडीत गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवले होते, ते तेवढे कोरडे राहिले. प्रवासाला तेव्हा बंदी, मला जाता येईना. वहिनी जमेल तेव्हा कुणाच्या तरी फोनवरून बोलायची. घराबद्दल बोलायची नाही. "हे बोलत नाहीत गं," एवढंच म्हणायची. मी पोचले तेव्हा नुकतीच वीज आली होती. दादा पडवीत वाडीकडे पाठ करून बसलेला. जेवायला वाढलं की जेवायचा, विचारलं की मान हलवायचा. माझ्याकडेही त्याने पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं. विहिरीवरच्या पंपावर माड पडलेला होता, तो उचलायचं मनात येत नव्हतं त्याच्या. आम्ही बाया कळशीने पाणी ओढत होतो.

मला वाटलं होतं, वहिनी त्याला एखादा अभंग ऐकवेल. तिने वेगळंच केलं. मिलिंदने यंत्र आणलं त्या भेटीत हौस म्हणून पहाटे वाडीतले आवाज ध्वनिमुद्रित केले होते. पोफळींतून जाणारा वारा, पाखरं, झावळ पडल्याचा आवाज, दादाचं खाकरणं, सगळं. वहिनीने दादाच्या डोक्यावर हेडफोन ठेवले. तो हलला नाही. तिने ते लावलं आणि त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. मी दारात उभी होते आणि मला भीती वाटत होती. जी वाडी राहिली नाही तिचा आवाज या माणसाला कशाला ऐकवायचा... दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्याने पुसलं नाही. वहिनीनेही पुसलं नाही. बराच वेळ गेला. मग दादाच्या कपाळाला आठी पडली. त्याने हेडफोन कानावर दाबून धरले.

"पंप हवा ओढतोय," तो म्हणाला.

"काय?" वहिनी म्हणाली.

"पंप गं. मागे ऐकू येतोय बघ. विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गेलेला आहे. म्हणजे तेव्हापासूनच गेलेला, आणि मी आपला मोटारीला दोष देत होतो." त्याने हेडफोन काढून तिच्या हातात दिले, खुंटीवरचा कोयता घेतला आणि पायऱ्या उतरून थेट विहिरीकडे गेला. दुपारभर माड तोडण्याचे घाव ऐकू येत होते. वहिनी चुलीपाशी गेली, भाकरी थापायला घेतली आणि पहिलीच भाकरी तिने करपवली. संध्याकाळी दादा चिखलाने माखून आला आणि म्हणाला, "रोपं आणायला श्रीवर्धनला जायला हवं. पाऊस आहे तोवर लावून होतील."

त्या पावसात नवी पोफळ लागली. आणि हेडफोनचा दुसरा जोडही आला, तो मात्र दादाने स्वतः मागून घेतला. दोन भोकं असल्यामुळे दोघांना एकदम ऐकता यायचं, पण बटण एकच. दादाला कमी ऐकू यायचं, वहिनीला मोठा आवाज सोसायचा नाही. मी कितीतरी दुपारी बघितलंय, दोघं शेजारी बसलेली, घरात चिटपाखराचा आवाज नाही, आणि मध्येच दादाचा हात बटणाकडे जातोय, वहिनी तो चापटी मारून परत पाठवतेय. हेडफोनमुळे आपण किती मोठ्यांदा बोलतोय ते दोघांनाही कळायचं नाही. "अहो, पुरे!" असं वहिनी ओरडली की कुंपणापलीकडचा कुत्रा भुंकायचा. पाहुणे त्यांचे फोटो काढायचे. वहिनीला ते आवडायचं, पण ती आधी केस सारखे करायची.

ती गेली तेव्हा मिलिंदने दादाला पुण्याला चल म्हणून फार आग्रह केला. दादा म्हणाला, आधी ठरलेले पाहुणे यायचेत, त्यांना काय सांगू? परवा मी पंधरा दिवस राहायला गेले तर खोल्या भरलेल्या, स्वयंपाकाला भारतीची सून येते, आणि दादा पाहुण्यांना पोफळीची वाडी दाखवून झाली की हौशी असेल त्याला पडवीत आणून हेडफोन देतो. बटण मात्र कुणाच्या हाती देत नाही.

त्याने मला एक काम सांगितलं. हेडफोनच्या कानाच्या गाद्या झिजल्या होत्या, वरचं काळं आवरण सुटून त्याचे कण ऐकणाऱ्याच्या कानाला चिकटत. वहिनीच्या जोडाची अवस्था तर फारच वाईट होती. मी फोनवरून दोन्ही जोडांसाठी नव्या गाद्या मागवल्या. त्या मी असतानाच आल्या. दादाने चष्मा लावला, जुन्या गाद्या सुरीच्या टोकाने उचकटल्या आणि नव्या हळूहळू, गोल फिरवत बसवल्या, मोदकाच्या पाऱ्या कराव्यात तशा. पण फक्त स्वतःच्या जोडाला. तो जोड त्याने पाहुण्यांसाठी वर ठेवला.

"वहिनीच्याही बदलू या की," मी म्हटलं. "आणल्यात ना."

"त्या राहू देत," दादा म्हणाला. "अजून चालतायत. आत्ता कुठे माझ्या कानाला बसायला लागल्यात."

दुपारी तो खुर्चीत बसला. मी आत पडले होते. वाडीत नव्या पोफळी आता माणसाच्या दुप्पट उंच झाल्या आहेत, त्यांची सावली खिडकीतून हलत होती. चहा झाला म्हणून हाक मारायला गेले तर त्याने हात वर करून मला थांबवलं, गाणं संपू दिलं आणि मग आला. त्याच्या दोन्ही कानांना काळे कण चिकटले होते. मी कप त्याच्यापुढे ठेवला आणि त्याने बशीत चहा ओतता ओतता मला विचारलं, "तुझ्या वहिनीच्या त्या गाण्यात शेवटी कुणीतरी खोकतं, ते तुला कधी ऐकू आलंय?"