तेवीस विसा आणि तीन

फळ्यावर नसलेला आकडा वापरला म्हणून कुणी भर बैठकीत तुमच्या आत्याला लबाड म्हटलं, तर तुम्ही गप्प बसाल का? मी बसलो नाही. बसलो असतो तर आज आत्याचं नाव यादीत असतं.

आमच्या तीर्थपुरीत टीव्हीवरच्या अंक-अक्षरांच्या कार्यक्रमाचं वेड आहे. रोज संध्याकाळी सगळे आपापल्या घरी बघतात आणि रविवारी सकाळी निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर आठवड्याचा पंचनामा करतात. अक्षरांच्या एका फेरीवरून तिथं दोन घरांचं बोलणं बंद झालंय. (त्यातलं एक आमचं.) यंदा ठरलं, की जालन्याच्या निवडफेरीसाठी बैठकीतून एक नाव पाठवायचं. स्पर्धकांना न सुटलेलं गणित जो सोडवेल, त्याचं.

तसं गणित बुधवारी आलं. टीव्हीतल्या फळ्यावर आकडे आठ, आठ, सात, पाच, चार, तीन. प्रत्येक एकदाच वापरायचा आणि गाठायचे चारशे त्रेसष्ट. दोन्ही स्पर्धक अडकले. आमची सखुआत्या जन्मभर मेंढरांमागं फिरलेली, शाळेत एक दिवस न गेलेली. लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "तेवीस इसा आन तीन. झालं की."

आमच्यात मेंढरं विसाविसानं मोजतात. तेवीस विसा म्हणजे चारशे साठ, वर तीन. बरोबर!

रविवारी मी हे बैठकीत मांडलं. गुरुजींनी चष्मा पुसून विचारलं, आठ, आठ आणि सात मिळून तेवीस हे ठीक. पण वीस कुठून आणलं? फळ्यावर तर वीस नव्हतं. मागून कुणीतरी "लबाडी" म्हणालं.

शहाणा माणूस घरी जाऊन आत्याला विचारेल. मी पत्रक काढलं. (इतर मुलं लहानपणी गोष्टी वाचायची, मी पत्रकं.) मथळा होता, "मेंढपाळांचं वीस मान्य करा!" आणि खाली: होय, हे वीस फळ्यावर नव्हतं, आम्ही छातीठोकपणे कबूल करतो, पण ते पिढ्यान्‌पिढ्या आमचं आहे, त्याला फळ्याची परवानगी कशाला? गुलाबी कागदावर पाचशे प्रती! तीर्थपुरीत वाटल्या, मंठ्याच्या बाजारात वाटल्या, उरलेल्या शहागडला ट्रकवाल्यांना दिल्या. (माझी भूमिका आता राज्याबाहेरही पोचली असावी.)

पुढच्या रविवारी घोषणा देत आत्यालाच ओसरीवर नेलं. घोषणा मी एकटाच देत होतो. गुरुजींनी तिलाही तेच विचारलं, वीस कुठून आलं?

आत्यानं उलट त्यांनाच विचारलं. "कुठून म्हंजे? चार पंचे वीस. दोन्ही आकडे फळ्यावरच व्हते न्हाई का?"

गुरुजींनी बोटांवर मोजलं. सहाही आकडे, एकेकदाच. मग त्यांनी खिशातून शांतपणे गुलाबी कागद काढला.

"बाई, तुमचं बिलकुल बराबर हाय. पण वीस फळ्यावर नव्हतं, असं तुमच्याच भाच्यानं छापून कबूल केलंय. छापील कबुलीपुढं मी काय करू?"

नाव गुरुजींचंच ठरलं. ते त्यांनीच सुचवलं.

घरी आल्यावर दारात चपला काढताना आत्या म्हणाली, "गण्या, मला इचारलं काहून न्हाई रे? मी तर घरातच बसून व्हते."



पण फेरीला अजून पंधरा दिवस आहेत, नाव अजून बदलता येतं, आणि मी मागं हटणारा नाही. म्हणून सोबत नवा कागद देतोय. त्यावर एवढंच आहे: आठ, आठ आणि सात मिळवा, येईल त्याला चारनं, मग पाचनं गुणा, वर तीन टाका. स्वतः करून बघा. पटलं तर खाली सही करा आणि कागद गुरुजींच्या ओसरीवर नेऊन द्या. मजकुराची काळजी करू नका, तो आत्यानं सांगितलाय. मला या वेळी फक्त वाटायला ठेवलंय.