बगळ्याचा फोटो कुठून काढला

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशीला टेकली तरी धाकटीच. दवाखान्यांच्या गल्लीत, मागच्या अंगाला, एका अरुंद खोलीत ती कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे यायचे. त्यांवर ती मेणाच्या हिरड्या बसवायची, दातांचा रंग जुळवायची आणि मग कवळ्या घासून घासून जीभ अडकणार नाही इतक्या गुळगुळीत करायची. ते दात ज्यांच्या तोंडात जात ती माणसं तिला कधी दिसत नसत. दिवसभर दुसऱ्यांचे दात हातात असले तरी दात-ओठ आपले आपल्यालाच खावे लागतात, असं ती कधीकधी हसून म्हणायची.

तिने लग्न केलं नाही. ताईचं लवकर झालं. भाऊजींचं फर्निचरचं भलंमोठं दुकान होतं, आवाजही तसाच. दर उन्हाळ्यात ताईचं सगळं कुटुंब तळ्यांच्या मुलखात सुट्टीला जायचं आणि धाकटीलाही न्यायचं, कारण कॅमेरा तिच्याकडे होता. भाऊजी धक्क्याच्या कठड्याला टेकून पोट आत घ्यायचे आणि म्हणायचे, "धाकटे, काढ गं एक झकास." ती काढायची. परतल्यावर सगळे फोटो ताईकडे द्यायची. त्यांत सगळे असत, पाळलेलं कुत्रंसुद्धा असे. ती तेवढी नसे.

अशाच एका सुट्टीत, सगळे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले असताना, ती पहाटे एकटी उठली. म्हाताऱ्या नावाड्याने तिला मोठ्या तळ्याच्या मध्यावरच्या एका सपाट खडकावर सोडलं. तो उन्हाळ्यात जेमतेम पाण्यावर येणारा खडक. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून ती थंडीत कुडकुडत उभी राहिली. धुक्यातून एक बगळा उठला. पाय अजून पाण्यात, पंख पूर्ण उघडलेले, मागे धक्क्यावरचा दिवा, त्यामागे डोंगराची कड. बटण दाबतानाच तिला कळलं, असा फोटो पुन्हा मिळायचा नाही.

काही वर्षांनी ताईकडे चहाला गेली तर तोच फोटो बैठकीच्या खोलीत, चांगला दरवाजाएवढा. खाली प्रमाणपत्र. तळ्यावरच्या बोटींच्या ऑफिसने स्पर्धा ठेवली होती, पहिलं बक्षीस भाऊजींना. शेजारी नव्याने राहायला आलेले पाहुणे कौतुक करत होते आणि भाऊजी सोफ्यावर रेलून सांगत होते, की संयम लागतो, तासन्‌तास उभं राहावं लागतं, बगळा काही आपल्या सोयीने उडत नाही.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ताईकडे पाहिलं. ताई कपांत चहा ओतत राहिली, एक कप आधीच भरलेला होता तरी.

स्वयंपाकघरात धाकटीने विचारलं तेव्हा ताई हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी सहज पाठवला गं. बक्षीस लागेल असं कुणाला वाटलं होतं? आता घरातल्या घरात कशाला वाढवायचं?"

धाकटी मूग गिळून घरी आली. पण ते मूग काही पचेनात. पॉलिशच्या फिरत्या चाकावर दात घासताना तिच्या डोक्यात भाऊजीच घासले जायचे. कधी ती मनात पाहुण्यांसमोर त्यांची खरडपट्टी काढायची, कधी तो फोटो भिंतीवरून उतरवून चालू पडायची. भाऊजींपेक्षा ताईचा राग जास्त होता, आणि तो कुठे काढावा हे कळत नव्हतं. शेवटी एका कामाच्या दिवशी तिने खोलीला कुलूप लावलं, कॅमेरा घेतला आणि सकाळची बस पकडली. बोटींच्या ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगायचं, असं ठरवून.

बसमध्ये ती वाक्यं जुळवत होती. पण तळी दिसायला लागली आणि वाक्यं विस्कटली. या मुलखात ती कधी एकटी आलीच नव्हती. कुणी हाक मारत नव्हतं, कुणाला रांगेत उभं करायचं नव्हतं. पहिल्या तळ्याशीच ती उतरली. लव्हाळ्यात एक टिबुकली, इवलंसं पाणपाखरू, बुडी मारत होती. धाकटी काठावर उकिडवी बसली आणि ती कुठे वर येते याचा अंदाज बांधत राहिली. दर वेळी चुकला. तिने पाण्यावर वाकलेल्या फांदीचा फोटो काढला, उलट्या घातलेल्या होडीचा काढला, तिच्यावर वाळत घातलेल्या मोज्यांचा काढला. डब्यातली अंडी आणि पाव दगडावर बसून खाल्ले. इतकं शांत वाटत होतं की आपण भांडायला आलोय याची तिला मधूनमधून स्वतःलाच आठवण करून द्यावी लागत होती.

मोठ्या तळ्यावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. धक्क्यावरच्या प्रतीक्षालयात फोटो होताच, खाली पितळी अक्षरांत भाऊजींचं नाव. ती अक्षरं कुणीतरी रोज पुसत असावं. धाकटी पाहत उभी राहिली तशी ऑफिसातली मुख्य बाई, विणलेली टोपी घातलेली, बाहेर आली आणि आपणहून बोलायला लागली. हा फोटो नक्की कुठून काढलाय ते कुणालाच सापडत नाही, म्हणाली. सगळा काठ फिरून पाहिला, दिवा जुळला तर डोंगर जुळत नाही. पाहुणे सारखे विचारतात. ते साहेब एकदा येऊन जागा दाखवतील तर हंगामाच्या पहिल्या दिवशी छोटासा कार्यक्रमच करू.

धाकटीच्या ओठांवर जुळवलेलं वाक्य आलं होतं. तेवढ्यात तिला एक गोष्ट आठवली. भाऊजींना पाण्याची भयंकर भीती. इतक्या वर्षांत त्यांनी होडीत पाऊल ठेवलं नव्हतं. कठड्याला टेकायचे ते हौसेने नव्हे, काहीतरी धरायला हवं म्हणून.

"ते माझे भाऊजी," ती म्हणाली. "त्यांना फार आवडेल. पण मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मानाने बोलवा."

तिने भाऊजींचा नंबर दिला आणि बाहेर आली.

म्हातारा नावाडी आता नव्हता. त्याची सून होडी वल्हवत होती. धाकटी तिच्याबरोबर मध्यावर गेली. खडक पाण्याखाली वीतभर होता, वर शेवाळ. धाकटीने चपला काढल्या, त्यावर उतरून उभी राहिली, दिवा पाहिला, डोंगर पाहिला. सगळं जुळलं. तिने नावाडणीला सगळी हकिगत सांगितली. कुणाला तरी सांगायलाच हवी होती. नावाडीण वल्ह्यावर हनुवटी टेकून ऐकत होती.

"मला ही जागा कुणी विचारली नाही, तर मी आपणहून कशाला सांगू?" ती म्हणाली.

उरलेली दुपार धाकटीने त्या पाण्यावर घालवली. ऊन तिरकं झालं, पाणी तांबूस झालं, तिने भरपूर फोटो काढले. मधेच तिला खुदकन हसू यायचं आणि मग नावाडीणही हसायची. परतीच्या बसमध्ये धाकटीला गाढ झोप लागली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी भाऊजी सहकुटुंब आले. पांढरे बूट, नवा गॉगल. धाकटीला कार्यक्रमाचे फोटो काढायला बोलावलं होतं, हे सांगायला नकोच. मुख्य बाईने चार शब्द बोलून त्यांना पुढे केलं. भाऊजींनी काठावरच्या एका झाडाकडे बोट दाखवलं. सगळे तिकडे गेले. डोंगर जुळेना. मग दुसरी जागा दाखवली, तीही जुळेना. गर्दीतले एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे नक्कीच पाण्यातून काढलाय. बाई खूश झाली आणि म्हणाली, चला साहेब, होडी तयारच आहे.

नाही म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं. भाऊजी दोन माणसांच्या आधाराने होडीत उतरले आणि दोन्ही कडा घट्ट धरून मधोमध बसले. नावाडीण सावकाश वल्हवत होती. फारच सावकाश. कुठे घेऊ, असं ती अदबीने विचारायची. भाऊजी हनुवटीने कुठेतरी दाखवायचे, कारण हात सोडवत नव्हते. होडी इकडे गेली, तिकडे गेली. काठावर लोक आधी उत्सुक होते, मग कुजबुजायला लागले. ताई पदराशी चाळा करत उभी होती. धाकटीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.

शेवटी एक झुळूक आली, होडी जराशी कलली आणि भाऊजींचा धीर सुटला.

"धाकटे," पाण्यावरून त्यांचा आवाज आला, "तू तो फोटो कुठून काढला होतास गं?"

पाण्यावर आवाज लांब जातो. काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं. धाकटीनेही शब्द न् शब्द ऐकला. तिने कॅमेरा खाली घेतला, कानामागे हात धरला आणि मान हलवली, ऐकू येत नाही अशी.

भाऊजींना ते पुन्हा विचारावं लागलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. मगच तिने हात वर केला आणि खडक दाखवला.

मुख्य बाई आत जाऊन फोटोखालच्या पितळी अक्षरांकडे बघत उभी राहिली. भाऊजी काठाला लागले ते थेट गाडीत जाऊन बसले. ताई जाताना धाकटीजवळ थांबली.

"चारचौघांत त्यांचं असं करायला नको होतंस."

"मी काय केलं? मी तर काठावर उभी होते."

धाकटी बसने परतली. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. उलट बरेच दिवस काम करताना तो क्षण ती पुन्हा पुन्हा आठवायची, दुसऱ्यांदा विचारतानाचा भाऊजींचा चेहरा तर विशेष. हळूहळू त्यातली चव कमी झाली, पण संपली नाही. पितळी अक्षरं निघाल्याचं नावाडणीने फोनवर कळवलं. त्या जागी धाकटीचं नाव लावणार होते म्हणे; अजून लावलं नव्हतं.

ताई बऱ्याच दिवसांनी तिच्या खोलीवर आली. स्टुलावर बसली, प्लास्टरचे जबडे पाहत राहिली. बैठकीतला फोटो उतरवल्याचं सांगितलं. मग म्हणाली, की तेव्हा पाहुण्यांसमोर मी बोलायला हवं होतं, पण बोलले असते तर पुढे महिनाभर मलाच ऐकावं लागलं असतं. धाकटीने चाक बंद केलं नाही. तळ्यावर तू दर रविवारी जातेस म्हणे, असं ताईने विचारलं. धाकटी हो म्हणाली.

"या रविवारी मी येऊ?"

धाकटीने हातातला दात उजेडात धरून पाहिला.

"नको," ती म्हणाली. "मी एकटीच जाते."

ताई लगेच उठली नाही. धाकटीनेही तिला जा म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं, आणि पुन्हा कामाला लागली.