साडभाऊंची माशी

ज्याचं बोलणं ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि घरी पोचेपर्यंत आपल्याला काहीच कळलेलं नव्हतं हे कळतं, असा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मुकुटबनच्या थोडं पुढे त्यांचं शेत आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे, अंडं घातलेला केक ते नुसत्या वासावरून ओळखून बाजूला सारतात, आणि मागच्या वर्षापर्यंत सहा वर्षं हा गृहस्थ झरी जामणीच्या जंगलातले नाले पालथे घालून मासे धरत होता. धरत होता, असं आपलं म्हणायचं. कारण त्यांनी धरलेला मासा कोणी पाहिलेला नव्हता.

सुरुवात एका फोनने झाली. 'मी आता माशीनं मासा धरतो,' असं त्यांनी मला सांगितलं. मी शेतकऱ्याच्या घरातला माणूस, मला वाटलं, मासा हा नर आणि माशी ही त्याची मादी. पाळलेल्या तितराच्या आवाजावर रानातली तितरं येतात, तसंच हे काहीतरी असणार. मी विचारलं, माशी कुठे पाळलीत, टाक्यात का? तर म्हणाले, पाळायची कशाला, घरीच बनवतो. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा उलगडा झाला, निदान निम्मा. त्यांनी मोबाईलवर परदेशातली माणसं पाहिली होती. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहतात, पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी गळाला बांधून पाण्यावर नाचवतात, आणि मासा खरी माशी समजून ती गिळतो. मग ती माणसं त्याला हातात घेऊन नीट पाहतात आणि सोडून देतात. मी म्हटलं, सोडायचाच तर हा उपद्व्याप कशासाठी? साडभाऊंनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "भेट होते ना."

हेच उत्तर त्यांनी एका कोलाम आदिवासी म्हातारबाबालाही दिलं होतं. हे बाबा नाल्यात बांबूची टोपली लावून सकाळच्या कालवणापुरते मासे घेऊन जात. त्यांनी साडभाऊंचा हा खेळ चार दिवस पाहिला, पाचव्या दिवशी जवळ येऊन सगळं विचारून घेतलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मंग पाव्हण्याले काटा कायले टोचता?" झालं. साडभाऊ त्या दिवशी घरी आले आणि कानस घेऊन प्रत्येक गळाचा उलटा काटा घासून सपाट करून बसले. आता मासा लागला तरी त्याच्या मनात असेल तोवरच तो राहणार. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मासा आणि साडभाऊ यांच्यात कोण कोणाला धरतंय हे मला सांगता आलेलं नाही.

गळाची काठी पसंत करायला ते मला यवतमाळला घेऊन गेले, तेही मुलगी पाहायला निघाल्यासारखा इस्त्रीचा सदरा घालून. दुकानात गेल्या गेल्या त्यांनी 'माशीसाठी दोरी' मागितली, आणि दुकानदाराने मिठाईवाले टांगतात ती माश्या चिकटायची पट्टी काढून दिली. गैरसमज मिटायला एक चहा लागला. मग काठ्या निघाल्या. साडभाऊ एकेक काठी हातात घेत, डोळे मिटत, ती कानाशी नेत आणि 'ही बोलत नाही' म्हणून परत ठेवत. मीही दोन काठ्या कानाशी नेऊन पाहिल्या. माझ्याशी कुठलीच बोलली नाही. शेवटी एक काठी त्यांनी रस्त्यावर जाऊन फिरवून पाहिली, तर समोरून चाललेल्या बाईंच्या पिशवीतून मेथीची एक जुडी अलगद वर आली. सहा वर्षांतली ती पहिली शिकार. तीही त्यांनी हात जोडून परत केली. ती काठी फार हळवी निघाली, पार्सलने मागवलेली फार ताठ निघाली, आणि अखेर त्या कोलाम बाबांनीच जंगलातला एक सडसडीत बांबू तोडून दिला, तो चुलीच्या धुरावर एक पावसाळाभर वाळवून साडभाऊंनी काठी केली. ती बोलते, असं त्यांचं म्हणणं आहे.

मासा मिळत नाही म्हणून साडभाऊ पाण्याचे फोटो काढू लागले, की पाण्याचे फोटो काढायचे म्हणून मासा मिळत नव्हता, हेही मला नक्की ठाऊक नाही. त्यांच्या फोनमध्ये नुसतं पाणी आहे. जागा पुरेना तेव्हा त्यांनी मुलीच्या लग्नाचे फोटो पुसले. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांनी वरपक्षाच्या मंडळींना ओळीने बसवून चाळीस नाले दाखवले होते. हे खडकावरचं पाणी, हे सागाच्या सावलीतलं, हे जरा रागावलेलं. वराचे काका भाबडेपणाने प्रत्येक फोटोला 'वा' म्हणत राहिले आणि शेवटी, यातलं आमच्या गावाला येणारं नळाचं कोणतं, असं त्यांनी विचारलं. मलाही सगळं पाणी सारखंच दिसतं. पण साडभाऊ फोन उलटा धरूनसुद्धा नाला ओळखतात.

आता हे सगळं ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, कसं चालवून घेतलं? तर घेतलं नाही. नाल्यातला गाळ बसून पाणी काचेसारखं होतं ते नेमकं दिवाळीच्या आसपास, आणि त्याच वेळी कपाशीची बोंडं फुटतात. वेचणीला बाया मिळत नाहीत, आणि घरधनी गुडघाभर पाण्यात उभा. शिवाय ते गुडघेही आता कुरकुरू लागले होते. घरात उंदीर झाले होते ते वेगळंच. ताईंनी नातवासाठी हिरव्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता, त्याची एक बाही दर आठवड्याला आखूड होत होती. मागच्या वर्षी त्यांनी मला साक्षीला बसवून निकाल दिला. सीतादहीपर्यंत मासा दाखवायचा, नाहीतर काठी माळ्यावर टाकायची आणि वेचणीच्या बायांवर देखरेख करायची. सीतादही म्हणजे वेचणीला हात लावण्याआधी कपाशीत दहीभाताचा नैवेद्य दाखवतात तो दिवस. मासा घरी आणायचा नाही, माळेला चालत नाही, म्हणून मग फोटो दाखवायचा. साडभाऊ कबूल झाले. मात्र त्या दिवसापासून ते अर्ध्या जेवणातून उठू लागले, आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

शेवटच्या सकाळी, म्हणजे खुद्द सीतादहीच्या दिवशी, मी त्यांच्याबरोबर नाल्यावर गेलो. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, बोट कुठे दाबायचं ते तीनदा शिकवलं आणि स्वतः पाण्यात उतरले. असे दोन तास गेले. ऊन सागाच्या पानांतून खाली आलं होतं. साडभाऊंच्या पाठीकडे पाहता पाहता मलाच मनातून वाटू लागलं, की बाबा रे, कोणीतरी ये आणि या माणसाला एकदा भेटून जा. आणि अचानक साडभाऊ ओरडले, "माशी! माशी!"

इथे माझी बाजू समजून घ्या. जंगलात कोणी 'माशी' म्हणून ओरडलं तर आमच्याकडचा माणूस एकच गोष्ट करतो. आग्या मोहोळ उठलं असं समजून मी दुपट्टा डोक्यावर ओढला आणि जमिनीवर पालथा पडलो. पडता पडता बोट दाबलं गेलं. काही चावेना म्हणून दुपट्ट्यातून एक डोळा बाहेर काढला, तर त्यांची माशी गिळलेला, वीतभर लांबीचा, चांदीसारखा एक मासा साडभाऊंच्या ओल्या तळव्यात होता. ते त्याच्याकडे पाहत होते आणि तो, माझी शपथ, त्यांच्याकडे पाहत होता. मग त्यांनी हात पाण्याखाली नेला आणि मासा गेला. फोटोत काय आलं होतं? पाणी. नुसतं पाणी, थोडं तिरकं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडभाऊ फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "फोटो चांगला आला."

शेतात पूजा आटोपली होती. बाया प्रसाद खात होत्या. ताईंनी फोटो पाहिला आणि फोन परत दिला. मी शपथेवर सांगू लागलो की मासा होता, मी पाहिला. ताईंनी विचारलं, केवढा? मी वीतभर म्हणालो आणि साडभाऊ त्याच क्षणी हातभर म्हणाले. बाया पदराआड हसल्या. ताई दहीभात वाढायला साडभाऊंपुढे वाकल्या, आणि तिथेच थबकल्या. साडभाऊंच्या टोपीला सकाळची ती माशी टोचलेली होती. कोंबडीचं पीस, आणि खाली गुंडाळलेली हिरवी लोकर.

"म्हंजे उंदीर तुमीच," ताई म्हणाल्या.

साडभाऊंनी मान खाली घातली. ताईंनी ती माशी टोपीतून काढली आणि उजेडात धरली. लोकर चावून विस्कटली होती, आणि तिच्यात एक खवला अडकला होता, नखाएवढा, उन्हात चमकणारा. त्यांनी तो बोटाने चाचपून पाहिला. माळकरी घरातली बाई, पण हात मागे घेतला नाही.

"माह्या लोकरीले आला का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुसऱ्या कोन्त्याच माशीले नाई आला," साडभाऊ म्हणाले.

काठी माळ्यावर गेली नाही. राहिलेली बाहीही ताईंनीच उसवून लोकरीचा गुंडा करून दिला; नातवाला बंडी मिळाली. तो तिरका फोटो आता त्यांच्या बैठकीत लावलेला आहे, आणि आल्यागेल्याला त्यातल्या पाण्यावर बोट ठेवून, इथं मासा होता, असं सांगतात त्या ताई.

यंदा मात्र साडभाऊंचे गुडघे पार गेले. नाल्याचा उतार त्यांना उतरवत नाही. म्हणून पाणी निवळलं की रविवारी मी जातो. मला माशी टाकता येत नाही, मी आपला फोटो काढून पाठवतो. फोटो पोचला की दोन मिनिटांत फोन येतो. साडभाऊ विचारतात, पाणी थंड होतं का, सावली कुठवर आली होती, बाबांची टोपली होती का. मी सुचेल ते सांगतो. मग मागून ताईंचा आवाज येतो, "त्यायले इचारा, मासा दिसला का?"

मी पुन्हा एकदा त्या फोटोकडे पाहतो. मला नुसतं पाणी दिसतं.

"दिसला, ताई," मी म्हणतो. "वीतभर होता."

"हातभर असन," साडभाऊ म्हणतात, आणि फोन ठेवतात.