पडद्यावर आई

मी एम.ए.ला जर्मन शिकत होते तेव्हा वर्ग घरूनच चालायचे. आमच्या मॅडमनी जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी बोलून मुलांच्या जोड्या लावल्या. दर आठवड्याला व्हिडिओवर बोलायचं, एकमेकांचं रोजचं जगणं समजून घ्यायचं आणि शेवटी ते सगळ्यांसमोर मांडायचं. माझ्या वाट्याला एक गोड बोलणारा मुलगा आला. मी बालाघाटहून बोलते म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न वाघांचा विचारला.

एकदा म्हणाला, घर दाखव. मी बैठक दाखवली, पुस्तकांचं कपाट दाखवलं. त्याला मागचं अंगण बघायचं होतं. तिथं आई जुन्या साडीत चुलीवर वांगी भाजत होती. भरतासाठी ती चूलच पेटवते. गॅसवरच्या वांग्याला तिच्या मते चव नसते. ती सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आहे, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं.

सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर आई आली, धुरानं डोळे बारीक केलेली. त्यानं न विचारता फोटो टिपून ठेवला होता. खाली लिहिलं होतं, 'गॅसविना जगणारी खेडूत स्त्री'. तिकडच्या मुली हळहळल्या. आमच्या मॅडम म्हणाल्या, किती संवेदनशील मांडणी.

आई मागून येऊन उभी राहिली. "हे मीच आहो का?"

"हौ."

"खाली काय लिहिलं त्यानं?"

मी सांगितलं. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "त्याले इचार, तुह्या आईचा असा फोटो दाखवला तं चालते का?"

जर्मनमध्येही 'तू' आणि 'आपण' वेगळे असतात. इतके दिवस आम्ही एकमेकांना 'तू' म्हणत होतो. आता मी 'आपण'वर आले. विचारलं, "आपल्या आईचा फोटो मी असा न विचारता लावला असता, तर आपल्याला चाललं असतं का?"

तो लाल झाला. "तू गैरसमज करून घेतेस. माझा हेतू चांगला होता."

"काय म्हणते?" आईनं विचारलं.

"म्हणते, हेतू चांगला होता."

"त्याले म्हणाव, पहिले फोटो हटव."

मी तोंड उघडलं तोवर मॅडमनी माझा आवाज बंद केला होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "माफीची मेल पाठव. ही ओळख मी किती खटपटीनं जमवली, तुला कल्पना आहे का?"

"माफी त्यानं माझ्या आईची मागावी."

"घरातलं काय दाखवायचं, हे तुला कळायला हवं होतं."

मी फोन ठेवला. त्यांनी मला उपक्रमातून काढलं आणि मला त्यात शून्य गुण दिले. त्या मुलाची लांबलचक मेल आली. त्यात त्याला किती वाईट वाटलं ते होतं, आईबद्दल एक अक्षर नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. फोटो त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर होता. मी तिकडे तक्रारी करत राहिले, शेवटी कोणीतरी तो मुकाट्यानं काढला.

आईला सांगितलं तेव्हा ती शाळेत निघाली होती. "बरं झालं," एवढंच म्हणाली.

मला त्या मुलाचा राग अजून येतो. मॅडमचा जास्त येतो.