भाऊंचा पहिला व्हिडिओ

"हालू नोका!" असं म्हणून भाऊ स्वतःच श्वास रोखायचे. चिमूरला त्यांच्या स्टुडिओत ज्यांनी ज्यांनी पासपोर्टचे फोटो काढले, त्यांना हे ठाऊक असेल. समोरचा हललेला त्यांना खपत नसे. तान्ह्या बाळालाही ते तसंच दटावत, आणि नवल म्हणजे बाळंही ऐकत.

मी त्यांच्याकडे लग्नाचे अल्बम जुळवायची. व्हिडिओचं नाव काढलं की ते उखडत. "व्हिडिओत माणूस नुसता जेवताना दिसते," असं त्यांचं मत. गिऱ्हाईक त्यापायी दुसरीकडे जाई, तरी हे ढिम्म.

मग एका सकाळी ते नेहमीचं 'जयभीम' न म्हणताच आत आले आणि डीएसएलआर माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पोरी, याच्यात व्हिडिओ कसा घेतात, सांग मले."

त्यांच्या मोठ्या बहिणीला, बाईला, घशाचा कॅन्सर निघाला होता. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला होता तिने. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज राहणार नाही. आणि बाई म्हणजे त्यांच्या गावच्या रोवणीचा, भातलावणीचा आवाज. भाताच्या बांधीत तिने गाण्याची ओळ टाकायची आणि बाकीच्या बायांनी ती उचलायची, अशी तिथली रीत. भाऊंकडे बाईचे फोटो पेटीभर होते. आवाज कुठेच नव्हता.

"घरी बसवून मोबाईलवर घ्या ना," मी म्हटलं.

"घरी बसून येत नाई तिले. वाकून धानाचे पऱ्हे लावल्याबिगर गाणं सुचतच नाई. अन् माह्या बहिणीचं काम माह्याच कॅमेऱ्यानं होईल."

ऑपरेशनची तारीख मिळाली ती रोवणी संपता संपताची. शिकायला दिवस थोडेच होते. सवयीने भाऊ एक डोळा मिटून कॅमेरा दुसऱ्याला लावत; व्हिडिओ चालू केला की डोळा लावायच्या खिडकीत अंधार. "बिघडला वाट्टे!" मग मी त्यांना मागच्या पडद्याकडे बघायला लावायची. फोटोसाठी करतात तसा कॅमेरा ते मधेच उभा धरत, आणि चौकातली गाय पडद्यावर भिंत चढताना दिसे. माझी हसून पुरेवाट व्हायची. ते मात्र हसत नसत. पुन्हा चौकात जाऊन उन्हात उभे राहत, बॅटरी संपेपर्यंत. साठीच्या माणसाची ती चिकाटी बघून मला, खरं सांगते, त्यांचा अभिमान वाटायला लागला.

रोवणीच्या दिवशी मीही गेले. बांधावर स्टँड लावला. बाईने ओळ टाकली, बायांनी उचलली, आणि भाऊ ओरडले, "हालू नोका!"

झालं! सगळ्या बाया पऱ्हे हातात धरून जागच्या जागी थिजल्या. त्यातल्या निम्म्या जणींच्या लग्नाचे फोटो याच माणसाने काढलेले. ऐकतील नाही तर काय करतील? गाणंही थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तेव्हा बाई कंबर सरळ करत म्हणाली, "काऊन ओरडून राह्यला रे? माह्या घशात आता लय दम नाई."

भाऊंचा चेहरा उतरला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी स्वतःचं तोंड करकचून बांधलं आणि हातानेच खूण केली, चालू दे.

बाई गायली. आवाज मधेमधे फाटत होता, पण ओळीमागून ओळ येत होती. बांधी पुरी होईपर्यंत भाऊंनी पडद्यावरून नजर काढली नाही. दुपट्टा भिजला होता, तो काही घामाने नव्हे.

ऑपरेशन नीट झालं. बाई वाचली. गेले ते भाऊच, पुढच्या उन्हाळ्यात, झोपेत. आपण कुणाची काळजी करत बसतो आणि कोण निघून जातं!

परवा बाई स्टुडिओत आली. बोटाने कॉम्प्युटर दाखवला. मी व्हिडिओ लावला. स्वतःचं गाणं ऐकून तिने मान हलवली आणि खूण केली, पुढे. गाण्यानंतर भाऊ कॅमेरा बंद करायला विसरले होते. पडद्यावर रिकामी बांधी, आणि तोंडाचा दुपट्टा सोडलेल्या भाऊंचा आवाज: "बाई, भूक लागली वो. डब्यात काय आणलं?"

बाईने मला खुणेनेच तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. भाऊंचा प्रश्न संपला की दर वेळी तिचे ओठ हलायचे. ती त्यांना उत्तर देत होती.