गच्चीवर आलेला फोन

बेलापूरच्या बाजारात हमाली करणाऱ्या श्रीमंतची यशोधरा नगरला बी.ए.ला आली, ते साल नव्व्याण्णव. पोरींच्या वसतिगृहात मोबाईल एकच, जयमालाचा. तिच्या वडिलांचा ऊस मोठा. पोरगी लांब राहते म्हणून त्यांनी घेऊन दिलेला. रेंज यायची ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. मग संध्याकाळी सगळ्या तिथंच. कुणी वेणी घालतंय, कुणी शेंगा फोडतंय, आणि लक्ष त्या काळ्या डबीकडं. आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, तरी जयमालानं मन मोठं करून सगळ्यांना नंबर वापरू दिला होता. फोन एकीचा आणि ऐकायचं सगळ्यांनी. आवाज असा फुटायचा की कान लावायचीही गरज नसे.

यशोधरानं नंबर घरी कळवला. कळवताना पुढचं काही सुचलं नाही तिला.

श्रीमंतची रीत अशी, की माणूस भेटला की खणखणीत जय भीम, आणि समोरून जय भीम आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. बाजारातल्या मुकादमालासुद्धा त्यानं ही सवय लावलेली. यशोधरा त्याच्याच खांद्यावर बसून मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडलेली. आणि तीच पोरगी इथं तीन महिने आडनाव गिळून बसली होती. कुणी विचारलं तर "आम्ही बेलापूरचे." अगं, गाव म्हणजे काय आडनाव असतं?

रविवारी फोन वाजला. जयमालानं उचलला, ऐकलं आणि पुढं केला. "यशू, तुझा गं."

"जय भीम, पोरी!"

टाकीभोवती सगळीकडं ऐकू गेलं. शेंगा फोडणारे हात थांबले, निदान तिला तसं वाटलं.

"हॅलो," ती म्हणाली.

"जय भीम म्हन्लं! ऐकू येतंय न्हवं?"

"हां. बोला."

बोला! बापाला कधी अहो-जाहो केलं होतं का तिनं? मग पलीकडून हळूच, विचारल्यासारखं, "जय भीम...?"

तिनं फोन बंद केला. "राँग नंबर," म्हणाली.

जयमाला फिसकन हसली. "राँग नंबरवाला मला म्हणाला, माझ्या यशोधराला बोलवा!" मग हसू आवरून, "कुणापासून लपवतीस गं? तुझ्या पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलाय की. पहिल्याच आठवड्यात कळलंय सगळ्यांना."

म्हणजे लपलं काहीच नव्हतं. फुकटात बाप नाकारला. यशोधराची मान वर होईना. आडनाव सांगितलं असतं तर एखादी टोचून बोललीही असती, नाही असं नाही. बोलली असती तर तिथंच उलटून सुनावता आलं असतं. तेवढीही वेळ आली नव्हती.

पुढच्या रविवारी ती दुपारपासूनच टाकीजवळ जाऊन बसली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, मनाशी पक्कं केलेलं. फोन वाजला. जयमालानं बटण दाबून न बोलताच तिच्या हातात दिला.

"हॅलो," श्रीमंत म्हणाला. जपून, शाळेत धडा वाचल्यासारखं. "मी बेलापूरहून बोलतो आहे. यशोधरा आहे का?"

त्यांच्या घरात 'आहे' असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

"जय भीम, आप्पा!" ती ओरडली. पोरी वळून बघायला लागल्या. बघेनात का.

पलीकडून त्याचा आवाज अगदी खाली आला.

"हळू म्हन, बाळा. पोरी आसतील शेजारी."