नागूआत्याचा जबडा

आमची नागूआत्या एका जागी बसलेली आमच्या बिदरकडच्या मेहकरात कुणी पाहिलेली नाही. पायाला भिंगरीच! त्यात तोंडात दात नाहीत, म्हणून चिडचिड वेगळी. बाजारातून आणलेली कवळी बोलताना उडायची, जेवताना घसरायची. शेवटी आत्यानं पंगतीला बसणंच सोडलं. घरीसुद्धा सगळ्यांकडे पाठ करून भाकरी कुस्करून खायची. मला ते बघवत नसे.

नातीचं, तुळजाचं लग्न ठरलं तशी आत्याच्या मनानं उचलच खाल्ली. "पोरीच्या लग्नात पंगतीत बसून मटन चावून खानार!" मग मीच तिला बिदरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी एक्स-रे दाखवला. खालचा जबडा झिजलेल्या विळ्यासारखा. "वर तर हाडच उरलं नाही. कमरेचं हाड काढून भरता येईल, पण त्यात फार महिने जातात. नाहीतर लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात बसवायचे. आधी खाली दोन स्क्रू बसवू, त्यांवर कवळी घट्ट राहील. मात्र ते हाडात मुरेपर्यंत तंबाखू अजिबात नको."

"तंबाकू? म्या कधी तोंडात धरली न्हाई!"

खोटं बोलत नव्हती बिचारी. मिश्री तंबाखू भाजूनच करतात, पण आमच्याकडे ती तंबाखूत मोजत नाहीत, ते दातांचं औषध. दाढ दुखली, लाव मिश्री. हिरडी सुजली, लाव मिश्री.

स्क्रू बसले. हिरडी ठणकू लागली तशी आत्या अंगणात येरझारा घालायची, दिसेल त्याच्यावर खेकसायची आणि ठणका जावा म्हणून मिश्री घासायची. पुढच्या तपासणीत एक स्क्रू हलत होता.

"आजी, काय लावता?"

आत्यानं मोठ्या ऐटीत डबी काढून दिली. बाईंनी वास घेतला. "अहो, हीच तंबाखू! हिनंच तुमचं हाड खाल्लं. आता हा स्क्रू काढायचा, हिरडी भरू द्यायची, मग पुढचं."

म्हणजे लग्नाची पंगत गेली. परतताना आत्या बसमध्ये सारखी जागा बदलत होती.

घरी आलो तर तुळजा मोरीपाशी उकिडवी बसून काळ्या बोटानं दात घासत होती.

"कामून घासायलीस?" आत्या ओरडली.

"दाढ दुखायलीय, आज्जी. तूच तर लाव म्हनतीस."

आत्यानं पोरीची डबी उकिरड्यावर भिरकावली, तांब्यातलं पाणी तिच्या तोंडात ओतलं आणि बोटानं तिचा एकेक दात दाबून बघू लागली, हलतोय का म्हणून.